पाचूच्या वेलाचं पाणी

निळ्या पिंपावर लाल झाकण. झाकणावर वीट.

फिलिपाइन्सच्या जंगलात वटवाघळं या वेलाच्या फुलांना उलटी लटकतात आणि मध पितात. चेन्नईच्या वेलचेरीत वटवाघळं आहेत, पण त्यांना कुणी कळवलेलं नाही.

मरून रंगाचा लोकरी मफलर, मिरजेहून आणलेला. चेन्नईत एकदाही गळ्यात पडला नाही. दर वर्षी त्याला ऊन दाखवायचं आणि पुन्हा वरच्या कप्प्यात ठेवायचं.

खालच्या पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांवर धूळ. एका करड्या स्कूटरवर नाही.

कारखान्यातली पाटी, तीन भाषांत: यंत्र पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नये.

अलमेलू फोनवर बहिणीला सांगते, मी ऊटीला आले आहे.

चोवीस

एप्रिलच्या अखेरीस रत्नाकरला हॉस्पिटलमधून घरी आणलं. पक्षाघाताने उजवी बाजू गेली होती आणि बोलणं गेलं होतं. अवाडीच्या संरक्षण कारखान्यात त्याने आयुष्यभर सुटे भाग तपासले होते, चूक सापडली की लांबलचक समजावून सांगायची त्याला सवय होती. आता घशातून एकच आवाज निघायचा, दार घासतं तसा, आणि त्या आवाजाने तो स्वतःच दचकायचा.

भाड्याची लोखंडी कॉट बेडरूममध्ये भिंतीला लावली. डाव्या हाताला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार. दारावर एसी. दारापलीकडे, बाल्कनीच्या जाळीवर, वेल. त्यामुळे रत्नाकरने मान डावीकडे वळवली की तो नक्की कशाकडे बघतो हे सांगता येत नसे. काचेकडे, यंत्राकडे की पानांकडे.

अलकनंदाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की ते वेलाकडे बघतात.

चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला हे कळणारच, असं सगळ्यांनी धरलं. फिजिओथेरपीला येणारा मुलगा तिला विचारायचा, सारना दुखतंय का? अलकनंदा रत्नाकरच्या तोंडाकडे बघायची आणि उत्तर द्यायची. अलमेलू, दिवसभराची आया, तिला विचारायची, अय्यांना भूक आहे का? बंगळुरूहून ऊर्मी, त्यांची मुलगी, फोनवर विचारायची, बाबा काय म्हणतात? आणि अलकनंदा सांगायची, बाबा काय म्हणतात ते. जन्मभर ती घरात कमी बोलणारी होती. आता दोघांचं बोलणं तिच्याकडे आलं होतं.

वेल मात्र त्याचा होता. निवृत्त झाल्यावर केरळातल्या एका नर्सरीवाल्याच्या मागे लागून बोटभर काडी आणली, ती जगवली. जेड वाइन म्हणतात त्याला. रत्नाकरने त्याचं नाव पाचूचा वेल ठेवलं. पानं साधीच, घेवड्यासारखी. फूल आलं तर ते म्हणे जगात दुसऱ्या कशाचाच नाही अशा रंगाचं असतं, हिरवा आणि निळा यांच्यामध्ये कुठेतरी, आणि हातभर लांब घोस छताच्या झुंबरासारखा लोंबतो. फूल कधी आलं नाही. सोसायटीने एकदा पत्र पाठवलं की तुमचं झाड चौथ्या मजल्याच्या कठड्याला विळखा घालतं. तेव्हापासून रत्नाकर रोज संध्याकाळी शेंडे सोडवून परत खाली बांधायचा. सुतळीच्या गाठी इतक्या नीट असायच्या की समोरच्या अंबुजाअक्का त्याला म्हणायच्या, मुलगी सासरी गेली, वेणी घालायला कुणी नाही म्हणून हे का?

तो हॉस्पिटलात असताना अलकनंदाने वेलाला नळाचं पाणी घातलं. नळाला बोअरचं पाणी, मे जवळ आला की जिभेला खारं लागतं. आठवड्याभरात पानांच्या कडा इस्त्रीखाली भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या. कुंडीतल्या मातीवर पांढरा थर आला. ती घाबरली. आणि त्याच सकाळी, मेलेली पानं वेचताना, तिला पानांआड एक दोरी लोंबताना दिसली. दोरीला दोन्ही बाजूंनी मिरीएवढे दाणे लागले होते.

कळ्या.

तिने पानं बाजूला धरली आणि काचेतून रत्नाकरला दाखवलं. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. डाव्या डोळ्यातून तसं दिवसभरच पाणी यायचं, पण हे निराळं आहे असं तिला वाटलं. हे फूल उघडेपर्यंत त्यांना राहायचं आहे, असं ती त्या रात्री ऊर्मीला म्हणाली. त्यानंतर घरात दुसरी कुठलीच गोष्ट उरली नाही.

बादली

बाल्कनीच्या कोपऱ्यात एसीची नळी उतरते. नळीखाली बादली असते. रोज सकाळी बादली भरलेली असे. ती स्वयंपाकघरात कॉफी करत असताना पुढचं दार वाजे, रत्नाकर दूध आणायला जाई, परत येई. मग कॉफीचा पेला घेऊन ती बेडरूममध्ये जाई तेव्हा तो बाल्कनीत उभा, बादली तिरकी, पाणी कुंडीत पडतं आहे, बारीक धारेने, मुळांना धक्का लागू नये असं.

तिने कधी काही विचारलं नव्हतं. झाड त्याचं, गॅस तिचा.

आता तिला सगळं जुळलं. एसीचं पाणी म्हणजे हवेतलं पाणी. त्यात मीठ नाही, क्षार नाही. आणि आणखीही एक गोष्ट जुळली. रत्नाकरला गारवा सोसत नसे. थंडी नाही हेच या गावाचं वैभव, असं तो म्हणायचा. एसी लावून झोपायचा तो कानावरून चादर घेऊन, गुडघे पोटाशी. इतकी वर्षं तिला वाटे, हा माणूस एसी बंद का करत नाही? आता तिला कारण सापडलं. वेलासाठी.

ऊर्मी फोनवर म्हणाली, "आई, एसी बाबांनी तुझ्यासाठी घेतला होता. तुला रात्री घाम यायचा, उठून बसायचीस."

"तो घाम कधीच थांबला," अलकनंदा म्हणाली. "एसी थांबला नाही."

ऊर्मीने सुचवलं की पिण्याच्या पाण्याचे कॅन येतात, त्यातलं घाल. अलकनंदा म्हणाली की त्यांनी कधी कॅनचं पाणी घातलेलं मी पाहिलं नाही. हे खरं होतं.

बावीस

चोवीसवर अर्धीच बादली भरते.

बावीसवर पाऊण.

काचेचं दार चार बोटं उघडं ठेवलं तर बाहेरची ओली हवा आत येते, यंत्राला दम लागतो आणि बादली भरते. हे तिला कुणी सांगितलं नाही, तिने स्वतः शोधलं. त्या दिवशी ती खूश होती. रत्नाकरच्या उशाशी बसून तिने त्याला ते सांगितलं, कारखान्यातल्या साहेबाला सांगावं तसं.

तो डावीकडे बघत होता.

"बघ," ती अलमेलूला म्हणाली, "पटलं त्यांना."

अलमेलूला एसीची हरकत नव्हती. तिच्या घरावर पत्रे होते, मे महिन्यात घरी दुपारी भांडं हातात धरवत नसे. ती डबा याच खोलीत खायची, पाय पसरून, आणि जेवण झालं की फोनवर बहिणीला चिडवायची. ऊटीला आहे मी. नाही, स्वेटर आणायचा विसरले.

कळ्या मिरीच्या वाटाण्याएवढ्या झाल्या. देठाला फिकट जांभळी झाक आली.

अंबुजाअक्का

समोरच्या फ्लॅटमधल्या अंबुजाअक्का तंजावरच्या. त्यांच्या घरात मराठी कित्येक पिढ्या आहे, पण पुस्तकातून कधी गेली नाही, म्हणून ती आपल्या वाटेने गेली आहे. मिरजेच्या अलकनंदाला सुरुवातीला त्यांचं बोलणं कळायला वेळ लागे. आता कळायचं. तरी अक्का रागावल्या की अर्धं तमिळ येई.

त्या रसम घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"हे काय गे, घर की बर्फाचा कारखाना?"

अलकनंदाने पाण्याचं सगळं सांगितलं. अक्का ऐकता ऐकता कॉटपाशी गेल्या, पांघरुणात हात घातला आणि रत्नाकरचं पाऊल धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"पाय बघ यांचे. दगड होऊन बसलेत."

"ती बाजू गेलेली आहे ना, अक्का. तिकडे रक्त कमी जातं."

"मी डावा धरलाय."

अलकनंदाने पांघरूण पायांवर ओढलं.

"त्यांस थंडी वाजत्ये," अक्का म्हणाल्या. "थंडी वाजत्ये का म्हणून एकदा तरी विचारलंस? नवऱ्याला भाजी समजलीस की काय, फ्रीजमध्ये घालून ठेवायला?"

अलकनंदा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेली, वाकली. "अहो. एसी बंद करू?"

रत्नाकरने तिच्याकडे पाहिलं. मग मान डावीकडे वळवली आणि तसाच राहिला. घशातून आवाज आला.

"नको म्हणतात," ती म्हणाली.

अक्कांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, अलकनंदाच्या तोंडाकडे पाहिलं. "आवाज मलाही ऐकू आला," त्या म्हणाल्या. "त्यात नको कुठे होतं ते मला दिसलं नाही. सेरी, बरं. तुझा नवरा, तुला ठाऊक." रसमचं भांडं ठेवलं. जाताना दारातून म्हणाल्या की खाली यांच्या स्कूटरवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसली आहे, कुणाला तरी पुसायला सांग. असं यांना कधी चाललं नसतं.

वीस

चमच्याने पेज देताना खोकला. पाणी देताना खोकला. आधी उबळ यायची नि जायची, आता खालपर्यंत काहीतरी घरघरत राहायचं. घरी तपासायला येणाऱ्या डॉक्टर, एक तरुण बाई, छातीला नळी लावून पाठीमागून पुढून ऐकत राहिल्या. छातीत कफ साठतोय, म्हणाल्या. गिळताना थोडं फुप्फुसात जातं. औषध बदललं. आणि खोली इतकी गार नको, त्यांना हलता येत नाही, अंग गरम ठेवता येत नाही. सत्तावीस करा. नाहीतर नुसता पंखा.

अलकनंदाने मान हलवली. डॉक्टरांसमोर रिमोट घेऊन सत्तावीस केला. डॉक्टर पायऱ्या उतरेपर्यंत ती दारात उभी राहिली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी एसी सत्तावीसवर राहिला. बादलीत तळ झाकण्याएवढं पाणी. बाहेर तापमान इतकं चढलं की दुपारी कावळे चोची उघड्या टाकून वळचणीला बसत. तिसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीच्या फरशीवर हिरवे मणी पडलेले तिने पाहिले. घोसाच्या टोकाच्या कळ्या गळल्या होत्या. तिने त्या ओंजळीत घेतल्या, आत आणल्या, रत्नाकरच्या डाव्या तळहातावर ठेवल्या.

त्याची बोटं मिटली. मणी हातातच राहिले, संध्याकाळी अलमेलूने अंग पुसताना काढेपर्यंत.

तळहाताला काही लागलं की बोटं मिटतातच, ती प्रतिक्षिप्त क्रिया असते, असं फिजिओच्या मुलाने पूर्वी सांगितलेलं होतं. तिला ते आठवलं नाही.

"गळू देऊ नका म्हणाले," तिने ऊर्मीला सांगितलं.

"कसं म्हणाले, आई?"

"हात घट्ट केला."

ऊर्मी फोनवर म्हणाली की मी शनिवारी येते.

बंद

शुक्रवारी दुपारी वीज गेली. उन्हाळ्यात जाते, पण थोड्यात येते. त्या दिवशी आलीच नाही. कुठला तरी ट्रान्सफॉर्मर जळाला असं सोसायटीच्या ग्रुपवर आलं. त्याखाली कुणीतरी टाकलं की पाण्याची लॉरीही आज येणार नाही.

इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. खोली हळूहळू गरम झाली. अलमेलू पदराने वारा घेत बाहेरच्या खोलीत जाऊन आडवी झाली. अलकनंदा बादलीपाशी बसून राहिली. नळीतून थेंब पडायचा, मग बराच वेळ पडायचा नाही.

ती आत आली तेव्हा रत्नाकर झोपला होता.

गेल्या कित्येक दिवसांत तो असा झोपला नव्हता. डोळे मिटायचा, पण भुवया ओढलेल्या असायच्या, डावा हात मुठीत, डावा गुडघा वर घेतलेला. आता गुडघा सरळ झाला होता. मूठ उघडली होती, तळहात वर, जणू काही ठेवा म्हणून. कपाळावर घामाचे बारीक थेंब होते आणि गालांवर रंग. तोंड किंचित उघडं. श्वास लांब, खालपर्यंत जाणारा.

अलमेलू दारात येऊन उभी राहिली. अम्मा, अय्या छान झोपलेत, ती तमिळमध्ये हळूच म्हणाली.

अलकनंदाने ओला पंचा करून त्याचं कपाळ पुसलं. "ग्लानी आहे ती," ती म्हणाली. "उष्म्याने गळून गेलेत."

संध्याकाळी वीज आली. एसी टिक करून सुरू झाला, झडप वर उचलली गेली, वारा कॉटवर आला. रत्नाकरने डोळे उघडले. गुडघा पोटाकडे घेतला.

"बघ," अलकनंदा म्हणाली. "लगेच शुद्धीवर आले."

मफलर

ऊर्मी आली, बॅग दारात टाकून सरळ आत गेली आणि बाबांचा हात धरला. मग काही न बोलता कपाटापुढे स्टूल ओढलं, वर चढली, मफलर काढला. रत्नाकरच्या गळ्याभोवती दोन वेढे दिले, एक टोक छातीवर सोडलं.

त्याचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला. सावकाश. टोक शोधलं आणि धरलं.

ऊर्मीने ते सोडवायचा प्रयत्न केला, नीट गाठ द्यावी म्हणून. सुटेना. ती हसली आणि मग तिला हसता येईना. "आई, बघ ना. बाबांना हे हवं होतं."

अलकनंदा पायथ्याशी उभी होती. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी दुसऱ्याने त्याच्या मनातलं ओळखलं होतं. तिच्या तोंडावर ते उमटलं असावं, कारण ऊर्मी लगेच म्हणाली, "तू दमली आहेस ग. मी काही दोष देत नाही."

रात्री जेवताना ऊर्मीने सांगून पाहिलं. एसी बंद ठेव. वेल जाईल तर जाईल. मी तुला दुसरा आणून देईन. यावर अलकनंदाने भात कालवायचा थांबवला.

"सात वर्षं वाट पाहिली त्यांनी. माणूस चालला आहे, ऊर्मी. मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे, त्या डॉक्टरणीलाही. चालला आहे तर त्याला जे बघायचं आहे ते बघून जाऊ दे. नुसतं गरम राहून काय करायचं आहे?"

बाबांना काय बघायचं आहे हे ऊर्मीला माहीत नव्हतं. ती वयात आल्यापासून बाबांशी अर्धं तमिळ, अर्धं इंग्रजी बोलायची. मराठी आईकडे होती. बाबांच्या मनातलंही आईकडेच असेल, असं तिला वाटलं. रविवारी ती परत गेली. जाताना मफलर पुन्हा नीट करून गेली.

अठरा

मफलर आहे आता. आता हरकत नाही.

अठरावर बादली ओसंडते. वेलाला सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पानांवर फवारायलाही उरतं. घोस रोज वाढतो, कळ्या नखाएवढ्या, मग वाघनखासारख्या वाकड्या. टोकाला रंग भरू लागला. अंबुजाअक्का आल्या, बाल्कनीत जाऊन बघून आल्या. असा रंग रेशमी लुगड्यावरही पाहिला नाही म्हणाल्या. मग खोलीतून जाताना पांघरुणावर आपला पदर अंथरल्यासारखा हात फिरवला आणि गेल्या.

खोलीत आता अलमेलूही जेवत नसे. हात काकडतात म्हणायची.

घोस पानांआड होता, कॉटवरून टोकच दिसायचं. अलकनंदाने न्हाणीघरातला आरसा खिळ्यावरून काढला आणि काचेबाहेर तिरका धरला. "दिसतंय?" ती बाहेरून ओरडली. मान हलवून तिने आरसा थोडा वर केला, थोडा खाली. आरशात घोस असेल, किंवा मफलर गुंडाळलेला एक माणूस असेल. कुठे धरलं की काय दिसतं, हे तिला तिकडून कळायला मार्ग नव्हता.

रत्नाकरने आरशाकडे पाहिलं. ओठ निळसर दिसत होते. मग त्याने डोळे मिटले.

ती आत आली, हात पुसत. "भरून पावले ते," असं अलमेलूला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे श्वासाला शिटीसारखा आवाज येऊ लागला. अँब्युलन्स आली. स्ट्रेचर लिफ्टमध्ये तिरकं करावं लागलं. घर सोडताना अलकनंदाने अलमेलूला एकच गोष्ट बजावली, एसी बंद करू नकोस.

एग्मोरच्या बाजूच्या त्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. आत फोन न्यायला मनाई. न्यूमोनिया, दोन्ही बाजूंना, डॉक्टरांनी सांगितलं. किती दिवसांपासून थरथरत होते, असंही विचारलं. अलकनंदा म्हणाली, थरथरत नव्हते. त्यांना गारवा आवडायचा.

तिसऱ्या सकाळी अंबुजाअक्कांचा फोटो आला. फुलं उघडली होती. रंग फोटोत नीट आला नव्हता, तरी खुर्चीतल्या शेजारच्या बाईने मान पुढे करून विचारलं, हे काय, प्लॅस्टिकचं आहे का? अलकनंदा फोन घेऊन दारापाशी गेली. नर्सने फोन बाहेर ठेवायला सांगितला. तिने आत जाऊन त्याच्या कानाशी सांगितलं. तोंडावर मास्क होता, डोळे पट्टीने मिटवलेले. डावा हात चादरीवर काहीतरी चाचपत होता. ती म्हणाली, अहो, उघडलं. हात चाचपत राहिला.

मफलर हॉस्पिटलने एका पारदर्शक पिशवीत घालून तिच्याकडे दिला होता, पहिल्याच दिवशी.

दुपारी सगळं संपलं.

सोळा

ऊर्मी आली. रत्नाकरला घरी आणून थोडा वेळ बाहेरच्या खोलीत ठेवलं. फुलवाल्याकडून शेवंतीचे हार आले. अंबुजाअक्का म्हणाल्या, त्या वेलाची दोन फुलं तरी पायांवर घाल, अलका. त्यांचीच आहेत ती.

"तोडायची नाहीत," अलकनंदा म्हणाली. "त्यांना चालायचं नाही."

लोक गेल्यावर ऊर्मीने बेडरूमचं दार उघडलं आणि मागे सरली. कॉट रिकामी होती, गादी गुंडाळलेली. काचेच्या बाहेरच्या बाजूने पाणी धरलं होतं. एसी चालू होता, आकडा सोळा. बाहेर घोस लोंबत होता, पूर्ण उघडा, हातभर, संध्याकाळच्या उजेडात स्वतःच्याच उजेडाचा असावा तसा. नळीतून पाणी जवळजवळ धारेने बादलीत पडत होतं. तो एवढाच आवाज होता.

ऊर्मीने रिमोट उचलला.

"राहू दे," मागून अलकनंदा म्हणाली. ती भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलत होती. "त्याला अजून लागेल."

तिने बादली तिरकी केली. बारीक धारेने, मुळांना धक्का लागू नये असं.

ऊर्मी रिमोट हातात घेऊन उभी राहिली. खोलीत इतका गारठा होता की तिने नकळत हॉस्पिटलच्या पिशवीतून काढून हातात धरलेला मफलर गळ्याभोवती घेतला.

एसीच्या बादलीतलं पाणी रत्नाकर रोज सकाळी खाली नेऊन स्कूटर धुवायचा, आणि वर येताना तीच बादली गच्चीवरच्या निळ्या पिंपांतून डिसेंबरात साठवलेल्या पावसाच्या पाण्याने भरून आणून वेलाला घालायचा.